हात अजून बसलेला नाही

"पांढरं दिसलं पाहिजे, दोना नेउझा. फोटोत पांढरं दिसलं म्हणजे झालं."

डॉक्टर एलोइझा फ्रीझरचं दार उघडं धरून उभ्या होत्या. आतली गार वाफ त्यांच्या कडक इस्त्रीच्या कोटावर येत होती. "चार फळ्या, त्यांतल्या साडेतीन रिकाम्या. उद्या अकरा वाजता राजधानीतून परराष्ट्र सहकार्य खात्याची माणसं येणार, मोझांबिकच्या वकिलातीतले साहेब येणार, टीव्हीवाले येणार. त्यांना काय दाखवू? बर्फ?"

"कार्निव्हल होऊन आठवडा झाला फक्त, डॉक्टर. अर्ध्या आया अजून समुद्रावरून परतल्या नाहीत. आणि बंबवाले तर..."

"मला ठाऊक आहे सगळं. पाहुण्यांना ठाऊक नाही."

सगळे जिला मानानं दोना, म्हणजे बाई, म्हणत त्या नेउझाचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्राझीलमधल्या सेरा क्लारा गावात ज्या बाळंतिणींना दूध जास्त येई, त्या ते काढून काचेच्या बाटलीत भरून ठेवत. अग्निशामक दलाचे जवान गाडी घेऊन दारोदार फिरत आणि त्या बाटल्या गोळा करून इस्पितळातल्या दूधपेढीत आणून देत. तिथे ते दूध तपासून, तापवून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजलं जाई. वर्षभर हे सगळं बिनबोभाट चाले. कार्निव्हल आलं की मात्र आया सुट्टीवर आणि बंबवाले बंदोबस्तावर, त्यामुळे फ्रीझर ओस पडे. हे दरवर्षीचंच होतं. फक्त दरवर्षी त्याच आठवड्यात पाहुणे येत नसत.

"स्वयंपाकघरात गाईच्या दुधाच्या पावडरीचे डबे आहेत," डॉक्टर एलोइझा आवाज खाली आणून म्हणाल्या. "चाळीसेक बाटल्या भरा. वरच्या फळ्यांवर लावा. परवा सकाळी आल्या आल्या ओतून टाका मोरीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि खरं दूध?"

"किती आहे?"

"सात बाटल्या. पाच बाळांना रविवारपर्यंत पुरेल."

"ते खालच्या फळीवर, निळ्या झाकणांत ठेवा. त्याला कुणी हात लावायचा नाही. मी काय वेडी आहे का बाळांशी खेळायला?"

नेउझाला नाही म्हणता आलं असतं. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं, की त्या घटकेला तिला नाही म्हणता आलं असतं आणि आकाश काही कोसळलं नसतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, सव्वीस वर्षं त्या पेढीत काढलेली. आली तेव्हा बाटल्या धुवायला आली होती. परदेशी बाटल्या परवडत नव्हत्या, म्हणून कॉफीच्या रिकाम्या बाटल्या दुकानादुकानांतून मागून आणायच्या, लेबलं खरवडायची, उकळायच्या आणि त्यांतच दूध साठवायचं, अशी त्या देशाची युक्ती. त्या बाटल्या घासता घासता नेउझा तपासणी शिकली, परीक्षा दिल्या, मुख्य तंत्रज्ञ झाली. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावे, "बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. सख्ख्या आईची असली तरी आधी नाक लावायचं, मग थेंब टाकायचे."

अशी ही बाई हो म्हणाली, आणि का म्हणाली तेही स्पष्टच सांगायला हवं. तिच्या कपाटात नवाकोरा पासपोर्ट होता. ऑगस्टमध्ये ती मोझांबिकला जाणार होती, सरकारी खर्चानं, 'तज्ज्ञ' म्हणून. राज्याबाहेरसुद्धा दोनदाच पाऊल टाकलेली ही बाई शेजारणींना सांगून मोकळी झाली होती. पाहुणे नाराज झाले तर ते विमान उडणार नाही, हे डॉक्टर एलोइझांनी बोलून दाखवलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

तेवढ्यात आतिजा दारात आली. "ताई, मी थांबू का मदतीला? उद्याची तयारी असेल ना खूप."

"नको गं," नेउझा घाईघाईनं म्हणाली. "तू जा हॉस्टेलवर. तुझं ते फुलाफुलांचं कापड इस्त्री करून ठेव. उद्या सगळ्यांत जास्त फोटो तुझेच निघणार आहेत."

आतिजा हसली आणि गेली.

आतिजा मोझांबिकच्या उत्तरेकडची, नामपुला प्रांतातल्या एका तालुक्याच्या इस्पितळातली परिचारिका. चौतीस वर्षांची. आठ आठवड्यांसाठी शिकायला आली होती. ब्राझील काही पैसे वाटणारा देश नव्हता, तेवढी ऐपतही नव्हती आणि तशी सवयही नव्हती. तो आपल्याला जे येतं ते शिकवे. आधी तिकडचं माणूस इकडे येणार, शिकणार, परीक्षा देणार. मग इकडचं माणूस तिकडे जाणार. खात्याच्या कागदांत लिहिलेलं असे, की इथे कुणी दाता नाही, कुणी याचक नाही, दोघंही शिकतात आणि दोघंही शिकवतात. नेउझाला ते वाक्य इतकं आवडलं होतं, की तिनं ते कापून स्वयंपाकघरात भिंतीला लावलं होतं. बाटल्या धुणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकवायला सांगत होतं.

आणि शिष्यीणही अशी मिळाली होती, की देव बघत होता म्हणायचं. दोघींची भाषा एकच, पोर्तुगीज. आतिजाची जरा हेल काढून, जुन्या वळणाची. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. रविवारी ती नेउझाकडे जेवायला यायची, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या खोलीत दुपारी जरा पडायची आणि संध्याकाळी निघताना भांडी घासून जायची. "आमच्याकडे पावडरीचा डबा महिन्याच्या वीस तारखेला संपतो," तिनं एकदा कढई घासता घासता सांगितलं होतं. "मग साखरेचं पाणी. एकवीस तारखेनंतर जन्मलेल्या बाळाचं नशीब काय ते." हे तिनं डोळ्यांत पाणी वगैरे न आणता सांगितलं होतं.

तर त्या बुधवारी नेउझानं बादलीत पावडर कालवली आणि चाळीस बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीवर दूध देणाऱ्या आईचं नाव लिहावं लागतं. विसाव्या बाटलीला नावं सुचेनात, तेव्हा तिनं आपल्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं घातली. त्यांतल्या दोघी केव्हाच वारल्या होत्या. ते आठवल्यावर तिचा हात थबकला, पण चिकटवलेलं लेबल काढलं तर कागद फाटतो. राहू दिलं.

गुरुवार झकास पार पडला. फ्रीझरचं दार उघडलं आणि चार फळ्या पांढऱ्याशुभ्र. वकिलातीतले साहेब "वा वा" म्हणाले. खात्याकडून आलेले डॉक्टर तार्सिझियो, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "श्रीमंत देश वरून देतात. आम्ही शेजारी बसून देतो." आतिजा आपल्या फुलाफुलांच्या कापडात फ्रीझरशेजारी उभी राहिली, नेउझानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघाला. टाळ्यांत नेउझाला बादलीचा पार विसर पडला.

शुक्रवारी ती साताला कामावर आली, बाटल्या ओतायच्या म्हणून मुद्दाम तासभर आधी. तर आत दिवे लागलेले आणि आतिजा मास्क, टोपी घालून तयार. कोमट पाण्याच्या टाकीत बारा बाटल्यांतलं गोठलेलं दूध वितळत होतं.

"ताई! बरं झालं लवकर आलात. तार्सिझियो साहेबांचा काल संध्याकाळी निरोप आला. परीक्षा सोमवारी नाही, आजच. दुपारचं विमान धरायचंय त्यांना."

नेउझा टाकीवर वाकली. "बाटल्या कुठल्या काढल्यास?"

"वरच्या फळीवरच्या. निळ्या झाकणांना हात नाही लावला हं. ती बाळांची." आतिजाला वाटलं ताई शाबासकी देतील.

आता काय करावं? सोमवारी परीक्षा असती तर शनिवार-रविवारी बंबवाल्यांनी ताजं दूध आणलं असतं. आज मात्र साऱ्या इमारतीत खऱ्या दुधाच्या सातच बाटल्या होत्या आणि त्या परीक्षेसाठी फोडायच्या म्हणजे पाच बाळांच्या तोंडचा घास काढायचा. नेउझा तशीच डॉक्टर एलोइझांना गाठायला जिन्यापर्यंत धावली. त्या तार्सिझियो साहेबांना घेऊन वरच येत होत्या. साहेब काहीतरी बोलत होते, त्या हसत होत्या. नेउझाचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्या हसायच्या थांबल्या, आणि साहेबांच्या पाठीमागून त्यांनी मान हलवली. हळूच, एकदाच. नाही.

परीक्षा सुरू झाली.

आईच्या दुधात थोडा आंबटपणा असतो. त्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि मग सोड्याचं पाणी थेंबाथेंबानं सोडत राहायचं, फिकट गुलाबी छटा येईपर्यंत. आकडा आठच्या आत आला तर दूध पास, वर गेला तर मोरीत. सोपं वाटतं, पण एक थेंब जास्त पडला की सगळं फुकट. त्यात आतिजाचा हात असा होता, की नेउझा दुसऱ्या मुलींना सांगे, हिचं बघा.

पहिली बाटली. आतिजानं नाक लावलं, जरा थांबली, मग थेंब टाकायला लागली. आठ झाले, दहा झाले, बारा झाले. गुलाबी रंग आला सोळाला.

"सोळा. बाद," ती म्हणाली.

दुसरी. पुन्हा नाक लावलं. यावेळी जास्त वेळ. सोळा. बाद.

तिसरी, चौथी, पाचवी. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. सातव्या बाटलीला आतिजानं सोड्याची नळी बदलली. नवव्याला रंगाची कुपी नवी फोडली. अकराव्याला तिच्या टोपीखालून घाम ओघळत होता. बारावी बाटलीही सोळा. गाईच्या दुधाचा आकडा तेवढाच असतो. हे त्या खोलीत दोन बायकांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिसरीलाही असेल असं नेउझाच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. साहेब डॉक्टर खरे, पण त्यांनी अलीकडच्या वीस वर्षांत फायलींखेरीज काही तपासलं नव्हतं.

"बाराच्या बारा बाद?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. "असं कसं होईल? काल आपण हाच फ्रीझर बघितला. दहात एखादी बाटली बाद जाते. आणि आकडा प्रत्येक वेळी तोच... म्हणजे थेंब जास्त पडतायत. हातच तसा आहे." ते नेउझाकडे वळले. "दोना नेउझा, तुम्ही शिकवलंय. तुमचं काय मत?"

डॉक्टर एलोइझा खिडकीबाहेर बघत होत्या. आतिजानं नळी खाली ठेवली आणि नेउझाकडे बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, ती बरोबर आहे, दूध खोटं आहे.' शब्द नेउझाच्या तोंडाशी आले होते. पण त्या वाक्यापुढे सव्वीस वर्षं उभी होती, दोन वर्षांवर आलेलं पेन्शन होतं, शेजारणी होत्या आणि मेला तो पासपोर्टही होता.

"हात अजून बसलेला नाही," नेउझा म्हणाली. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, मायेनं पुढे जोडलं, "घाबरली आहे पोर. तशी हुशार आहे."

आतिजा तिच्याकडे बघतच होती. मग तिनं मान खाली घातली. "ताई म्हणतात तसंच असेल," ती म्हणाली.

साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पुन्हा प्रशिक्षण आवश्यक'.

दुपारचं जेवण चौकातल्या खाणावळीत होतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार, म्हणून मटण नव्हतं, नदीचा तळलेला मासा आणि भात होता. आतिजा आली नाही, म्हणाली, बाटल्या धुवायच्या आहेत. डॉक्टर एलोइझांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता. त्या इस्पितळाला प्रशिक्षण केंद्राचा दर्जा मिळण्याबद्दल बोलत होत्या. नेउझा माशातले काटे काढत बसली. काटे निघाले तरी तिनं घास तोंडात घातला नाही.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दोना नेउझा," तार्सिझियो साहेब म्हणाले. "शिकवणाऱ्याचा दोष नसतो नेहमी. पुढच्या वर्षी पुन्हा येईल ती. यंत्र तोवर गोदामात थांबेल."

"यंत्र?"

"दूध तापवायचं. खोकं बांधून तयार आहे बंदरावर. पण नियम म्हणजे नियम. आधी माणूस पास, मग यंत्र जहाजावर. नाहीतर काय होतं, यंत्रं जातात आणि धूळ खात पडतात. श्रीमंत देशांनी तेच केलं ना वर्षानुवर्षं? आपण तसं करत नाही."

नेउझानं काटा-चमचा खाली ठेवला. आतापर्यंत तिला वाटत होतं, एक कागद आहे, एक शेरा आहे, पोरीचा थोडा अपमान झाला, आपण तिला जाताना चांगली साडेचार मीटर कापडाची भेट देऊ. आता तिला एक वर्ष दिसायला लागलं. बारा महिने, आणि त्या प्रत्येक महिन्यातली एकवीस तारीख. आपल्याच जिभेनं केलं हे. तेही 'पोर' म्हणून, मायेनं! तिला इतकी लाज वाटली, की खाणावळीतली वाढपी पाणी घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडाकडेही नेउझाला बघवेना.

साहेबांची गाडी दाराशी लागली. डॉक्टर एलोइझा बिल द्यायला आत थांबल्या होत्या. नेउझा गाडीच्या दारापाशी गेली आणि काचेला धरून उभी राहिली.

"साहेब, ती बरोबर होती."

"कोण?"

"आतिजा. बाराच्या बारा. दूध नव्हतंच ते. पावडर होती, गाईच्या दुधाची. मी कालवली, माझ्या हातानं. काल फ्रीझर भरलेला दिसावा म्हणून."

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, हे शब्द तिनं गिळले. निदान एवढं तरी आपल्या अंगावर घ्यावं, असं तिला वाटलं. आता साहेब ओरडतील, गाडीतून उतरतील, आपली नोकरी जाईल, जाऊ दे. पाद्रीबाबांपुढे कबुली देणं सोपं असतं, मधल्या जाळीतून त्यांचं तोंड दिसत नाही. इथे भर चौकात, भर उन्हात, समोरासमोर होतं. तरी बोलून टाकल्यावर तिला जरा मोकळा श्वास घेता आला.

साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरच्या पाठीकडे, मग घड्याळाकडे.

"फोटो कालच गेले," शेवटी ते थकल्या आवाजात म्हणाले. "वकिलातीत गेले, मंत्रालयात गेले. आज सकाळच्या पेपरात आहेत. तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? या एका फ्रीझरपायी सहा देशांची कामं अडकतील. आधीच लोक म्हणतात, आपलीच पोरं उपाशी आणि हे चालले जगाला शिकवायला." त्यांनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला, शेरा खोडून वर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि शेजारी सही केली. "झालं. तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. यंत्र जाईल. तुम्हीही जाल. बरं?"

"बरं," नेउझा म्हणाली.

गाडी गेली. मिनिटभराचं काम होतं! पापही मिनिटभराचं आणि प्रायश्चित्तही. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी आपल्या तळहातावर बक्षिशी ठेवून गेल्यासारखं वाटत राहिलं. तिनं दोनदा हात झग्याला पुसला.

आतिजा बाटल्या धुवायच्या खोलीत होती. चाळीसच्या चाळीस बाटल्या रिकाम्या करून तिनं साबणाच्या पाण्यात बुडवल्या होत्या. मोरीत पांढरं पाणी अजून वाहत होतं.

"आतिजा, पास झालीस तू."

बाटलीत फिरणारा ब्रश थांबला. "मी? कशी काय?"

"साहेबांनी कागद बदलला. यंत्र जाणार. यंदाच."

"पण माझ्या बारा बाटल्या बाद गेल्या की, ताई."

नेउझा स्टुलावर बसली. "ते दूध नव्हतंच, बाई. पावडर होती. मी कालवली. तुला बुधवारी घरी पाठवलं ना, तेव्हा. आणि आज सगळ्यांसमोर तुझ्या हाताला नाव ठेवलं. तुझ्या हाताला! असा हात मी सव्वीस वर्षांत बघितला नाही."

"माहीत आहे," आतिजा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पावडर. पहिल्या बाटलीला शंका आली, दुसरीला खात्री झाली. बारा वर्षं आमच्या वॉर्डात तीच कालवते मी. झोपेत वास दिला तरी ओळखीन. पुढच्या दहा आपल्या करायच्या म्हणून केल्या. नळी आणि कुपी बदलली, तीही दोष त्यांच्यावर जावा म्हणून."

"मग बोलली का नाहीस गं? त्या माणसासमोर नुसती उभी राहिलीस..."

"कसं बोलू?" आतिजानं खरोखरच नवल वाटून विचारलं. "तुम्ही माझ्या गुरू. तुमच्या घरचं जेवले, तुमच्या लेकीच्या पलंगावर झोपले. मी पाहुणी. तुम्ही म्हणालात हात, तर मी म्हटलं हात." तिनं बाटली पालथी घातली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते."

"बाराच्या बारा वेळा."

"कागदावर लिहिलंय का तसं?"

"नाही. नुसतं उत्तीर्ण लिहिलंय."

"बरं," आतिजा म्हणाली, आणि पुढची बाटली उचलली.

त्या 'बरं'नं नेउझाला रडू फुटलं. मोठी, जाडजूड, पांढऱ्या झग्यातली बाई मोरीशेजारी बसून लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली. आतिजा घाबरली. तिनं हात पुसले, जवळ आली आणि नेउझाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"अहो ताई, एवढं काय त्यात! असं करू नका. आमच्याकडे काय वेगळं चालतं? मंत्री येणार म्हटलं की इस्पितळाची रस्त्याकडची भिंत तेवढी रंगवतात. शेजारच्या तालुक्यातल्या खाटा आणून मांडतात. संध्याकाळी त्यांच्या त्यांना परत." ती हसलीसुद्धा. "खरं सांगू? मला उलट बरं वाटलं. आठ आठवडे मी धास्तावलेली होते. म्हणत होते, हे लोक किती पुढे गेलेले, आपल्याला कुठलं जमायला! इथे जो तो रोज म्हणायचा, आपण सगळे सारखे, शेजारी शेजारी. मला नाही पटायचं. आज पटलं."

नेउझानं तोंड वर केलं. आतिजाच्या चेहऱ्यावर टोमणा असता तर तिनं तो आनंदानं सोसला असता. तिथे टोमणा नव्हता. तिथे तीच ती समजूतदार, कामसू माया होती, जी कढई घासताना असायची.

आतिजानं कोटाच्या खिशातून एक छोटी वही काढली, ओल्या बोटानं पान उलटलं. सुबक, गोल अक्षरांत एकाखाली एक कामं लिहिलेली होती. बाटली कशी उकळायची, लेबल कसं लावायचं, थेंब कसे मोजायचे. सगळ्यांत खाली आजचं होतं. 'मोठी माणसं येणार असतील आणि फ्रीझर रिकामा असेल तर पावडर. खरं दूध वेगळं, खालच्या फळीवर, निळी झाकणं.'

"ऑगस्टमध्ये तुम्ही याल ना यंत्र बघायला, तेव्हा टीव्हीवाले असतील," ती म्हणाली. "आमच्या बायकांना सवय व्हायला वेळ लागणार. फ्रीझर काही लगेच भरायचा नाही. आणि आमचे मोठे डॉक्टर मला पहिल्याच दिवशी विचारतील, तिकडे असं झालं तर काय करतात. सगळं लिहिलंय, एवढंच राहिलं." तिनं पेनाचं टोपण काढलं. "एका बाटलीला चमचे किती घातलेत, ताई? वासावरून तेवढं नाही कळलं."

लिहू नकोस, असं म्हणायचं नेउझाच्या मनात आलं. पण ते म्हणायला तिच्याकडे तोंड उरलं नव्हतं.

"तीन," ती म्हणाली.

आतिजानं आकडा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली.